दुय्यम गट

काल्मेर बेट सोडताना एक पाकीट देऊन गेला.
आत परवलीचा शब्द, बावीस अक्षरी,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले धुरावलेले चार मासे.
शब्द पाठ कर, म्हणाला. मासे आजच खा.

हिवाळ्यात आम्ही इथे त्र्याऐंशी.
फेरी सुटणार की नाही, वीज कुठे गेली,
बर्फाचा ट्रॅक्टर आज कोणत्या वळणापर्यंत,
दफनभूमीतली कुठली जागा कोणाची,
सगळं एका यंत्रणेत,
आणि यंत्रणेच्या किल्ल्यांचा एकच जुडगा.
तो आता माझ्या कमरेला.

पहिले आठ दिवस मी नुसतीच प्रशासक होते.
नाव लाल अक्षरांत.
कोणालाही आत घ्यावं, कोणालाही बाहेर काढावं.
सदतीस वर्षं वर्गात खडू धरला,
पण एवढी सत्ता हाती आली नव्हती.

नवव्या दिवशी गायनाला गेले तर सभागृहाला कुलूप.
हेल्यू म्हणाली, अगं, वेळ बदलली,
कळवलं की सगळ्यांना.
सगळ्यांना म्हणजे गायनाच्या गटाला.
तो गट मी एका बोटाने पुसू शकत होते,
पण त्यात मी नव्हते.
त्याच आठवड्यात सरपणाची गाडी आली आणि गेली.
मला कळलं ते शेजारच्या धुराड्यावरून.
सगळ्या दारांच्या किल्ल्या,
आणि एकाही घरचं आवतण नाही.

रात्री चहा घेऊन बसले. स्वतःचंच नाव उघडलं.
वर एक चौकट: मुख्य गट.
तिथे एकालाच जागा, आणि रंग त्याचाच.
खाली बारीक अक्षरांत:
दुय्यम गट, हवे तितके.
हवे तितके!
चश्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग खुणा करत सुटले.
गायन, दुसरा आवाज.
सरपण, अर्धी गाडी.
अग्निशमन, पाइपाचं शेवटचं टोक धरण्यापुरती.
हिवाळी रहिवासी. हे तर विचारायलाच नको होतं कोणी.
दफनभूमी समिती. असू दे,
आईच्या डावीकडची जागा माझीच आहे.
मेंढ्यावाले नाही.
मेंढ्या गेल्या शरदातच विकल्या, खोटी खूण कशाला.

यादीच्या अगदी तळाशी
एक गट, कधी कोणी बोललं नव्हतं असा:
रात्री उठवलं तरी चालेल.
सदस्य: एक.
उघडला. काल्मेर.

एन्नो गेला ती रात्र आठवली.
डॉक्टर समुद्रापलीकडे, वारा उलटा,
आणि मी अजून बूटही चढवले नव्हते
तोवर दारात कंदील घेऊन हा उभा.
तुला कोणी सांगितलं, हे विचारायचं राहूनच गेलं.
अकरा वर्षं राहून गेलं.

आता तो टार्टूला लेकीकडे, चौथ्या मजल्यावर.
बेट सोडणाऱ्याचं नाव महिन्याच्या आत काढावं,
हा नियम त्याच्याच अक्षरात
भिंतीवर चिकटवलेला आहे.
बाण त्याच्या नावापर्यंत नेला.
थोडा वेळ तिथेच ठेवला.
मग माझ्या नावापुढे खूण केली
आणि जतन करा दाबलं.
सदस्य: दोन.

फोन उशाशी. झोप कसली,
चुलीत लाकूड तडकलं तरी दचकत होते.
पावणेचारला वाजला.
उर्मास. फेरीचा कप्तान झालाय,
मला मात्र अजून सातच्या पाढ्यात अडखळलेलाच आठवतो.
बाई, बंदर गोठलंय, सगळ्यांना कळवायचंय,
आणि माझा शब्द काही आठवेना.

देते नवा, म्हटलं.
थांब, आधी दिवा लावते.